जमीन सरकारची, पण कोणत्या खात्याची?



आजचा विषय ऐकायला रुक्ष आहे, हे आधीच मान्य करतो. सरकारी जमिनीचा कारभार एका सरकारी खात्याकडून दुसऱ्या सरकारी खात्याकडे जातो, तेव्हा नेमकं काय घडतं? बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं: काहीच नाही. जमीन तीच, मालक तोच, फक्त फाईल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेली. उजव्या खिशातला रुपया डाव्या खिशात टाकला म्हणून कुणी श्रीमंत होत नाही आणि कुणी गरीबही होत नाही.

आज मला या उत्तराबद्दलच शंका घ्यायची आहे. मुंबईकरांना आरे वसाहतीचं प्रकरण आठवत असेल. २०२० मध्ये दुग्धविकास खात्याच्या ताब्यातली सुमारे आठशे एकर जमीन वन म्हणून राखण्याचा निर्णय सरकारने जाहीर केला आणि ती मोठी बातमी झाली. मालक आधीही शासन, नंतरही शासन. मग बातमी कशाची? बातमी अशी की एका खात्याच्या जमिनीवर जे बांधता येतं, ते दुसऱ्या खात्याच्या जमिनीवर सहजासहजी बांधता येत नाही. शहरातल्या माणसाला झाडं वाचल्याचा आनंद झाला. पण त्याच हद्दीत आदिवासी पाडे आहेत. तिथे लगेच दुसरा प्रश्न उभा राहिला: आता आमच्या घरांचं आणि शेतीचं काय?

म्हणजे बघा, दोन खिशांच्या मध्ये तिसरं कुणीतरी उभं आहे. खाती एकमेकांशी पत्रव्यवहार करतात. त्या पत्रव्यवहारात या तिसऱ्याची सही कुठेच नसते, पण परिणाम त्याच्यावर होतो. महाराष्ट्राच्या महसूल आणि वन या दोन खात्यांच्या इतिहासातून हे कसं दिसतं, ते आज पाहू.

राजाला भूमी दान करता येते का?

मी तत्त्वज्ञानाचा माणूस, त्यामुळे सुरुवात थोडी लांबून करतो. विश्वजित नावाचा एक यज्ञ आहे. त्यात यजमानाने आपलं सर्वस्व दान करायचं असतं. आता यजमान सार्वभौम राजा असेल तर? त्याने सगळी भूमीसुद्धा देऊन टाकायची का? जैमिनींच्या मीमांसासूत्रांच्या सहाव्या अध्यायात हा प्रश्न येतो आणि त्याचं उत्तर नकारार्थी आहे. कारण काय, तर भूमी सगळ्यांना सारखीच आहे. राजाचा तिच्याशी जो संबंध आहे तो काही सर्वस्वी वेगळ्या जातीचा नाही. शबरस्वामी भाष्यात सांगतात, की राजा पिकांचं रक्षण करतो आणि त्याबद्दल वाटा घेतो. त्याचं राजेपण तेवढ्यापुरतं. रक्षण वेगळं आणि मालकी वेगळी.

सतराव्या शतकात नीलकंठ भट्टांनी ‘व्यवहारमयूख’ लिहिला. हे भट्ट घराणं मूळचं आपल्या पैठणचं, पुढे काशीला स्थायिक झालेलं. नीलकंठही हाच धागा धरतात: राज्य जिंकलं म्हणून राजाला कर घेण्याचा हक्क मिळतो, शेताची मालकी मिळत नाही. इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्याच्या न्यायालयांत वारसाहक्काच्या दाव्यांसाठी हाच मयूख प्रमाण मानला गेला. जमिनीच्या कायद्याने मात्र वेगळी वाट धरली.

पूर्वी सगळं आलबेल होतं, असा याचा अर्थ कृपया घेऊ नका. राजे गावंच्या गावं इनाम देत होते आणि वेठही घेत होते. मला एवढंच सुचवायचं आहे की ‘सांभाळणारा’ आणि ‘मालक’ यांच्यात फरक करण्याची समज आपल्या विचारपरंपरेत होती. एकोणिसाव्या शतकात हा फरक पुसला गेला. सांभाळणारं सरकार मालक झालं. आणि मालक झाल्यावर त्याने आपली मालमत्ता दोन कारभाऱ्यांत वाटून दिली.

दोन कायदे, एका वर्षाचं अंतर

मुंबई इलाख्याची जमीन मोजणी आपल्याला गोल्डस्मिड आणि विंगेट या नावांनी माहीत आहे. १८३६ मध्ये इंदापूर तालुक्यापासून ती पद्धत सुरू झाली. शेताला सर्व्हे नंबर पडले, आकार ठरला. ज्या जमिनीवर कुणाचं खातं लागलं नाही, म्हणजे डोंगर, माळ, पडीक, गायरान, ती सगळी सरकारच्या नावे राहिली. तिचा कारभार कलेक्टर, मामलेदार आणि गावपातळीवर कुलकर्णी-तलाठ्याकडे. म्हणजे महसुली यंत्रणेकडे.

या यंत्रणेचा स्वभाव कसा होता? तिला सारा हवा होता. शेतकरी जगला तर सारा मिळणार, हे तिला कळत होतं. म्हणून गुरं चरली, सरपण आणलं, नांगराला लाकूड तोडलं, याकडे ती बहुतेक वेळा काणाडोळा करत असे. काणाडोळा म्हणजे हक्क नव्हे, हे इथेच लक्षात ठेवा. पुढे सगळं त्यावर अडलं.

जंगलासाठी स्वतंत्र अधिकारी नेमला गेला तो १८४७ मध्ये. अलेक्झांडर गिब्सन, पेशाने डॉक्टर, दापोडीच्या वनस्पती उद्यानाचे अधीक्षक. ते मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक. मग १८५३ मध्ये रेल्वे आली आणि तिला रुळांखाली घालायला लाकूड लागलं. १८६४ मध्ये डीट्रिख ब्रँडिस या जर्मन वनशास्त्रज्ञाच्या हाताखाली हिंदुस्थान सरकारचं वनखातं उभं राहिलं. १८६५ मध्ये पहिला वनकायदा झाला, आणि १८७८ मध्ये दुसरा, जास्त कडक.

या दुसऱ्या कायद्याआधी सरकारी अधिकाऱ्यांतच मोठा वाद झाला. बेडन-पॉवेल यांचं म्हणणं थोडक्यात असं: लोक पूर्वापार जंगल वापरत आले असतील, पण राज्याने लेखी मान्य केलेला नसेल तर तो हक्क नव्हे. ती सवलत. सवलत देणारा ती काढूनही घेऊ शकतो. ब्रँडिस यांचा कल मधल्या वाटेकडे होता. काही जंगल सरकारचं असावं, पण गावांचीही आपली जंगलं असावीत आणि गावांच्या चालीरीतींची दखल घ्यावी. कायदा झाला तो मुख्यतः पहिल्या विचाराने. ग्रामवनाचं कलम त्यात आलं, पण ते बहुतांशी कागदावरच राहिलं.

आता गंमत बघा. वनकायदा १८७८ चा आणि मुंबई जमीन महसूल कायदा १८७९ चा. एका वर्षाच्या अंतराने दोन खात्यांना दोन हत्यारं मिळाली. वनकायद्याने सरकारी पडीक जमीन राखीव वन म्हणून जाहीर करता येई. महसूल कायद्याने तीच जमीन गुरचरणासाठी, वनासाठी किंवा इतर सार्वजनिक कामासाठी नेमून देता येई. एकाच डोंगराकडे दोन खाती दोन पुस्तकं हातात घेऊन पाहू लागली. एकाला त्यात सारा आणि चारा दिसे, दुसऱ्याला साग आणि ऐन.

राबाचा प्रश्न

यानंतरच्या काही वर्षांत मुंबई इलाख्यात फार मोठं क्षेत्र महसुली यंत्रणेच्या सैल कारभारातून निघून वनखात्याच्या कडक कारभारात गेलं. त्याचा घाव कुठे बसला, हे समजून घ्यायचं तर ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतली भातशेती पाहावी लागेल.

कोकणातला शेतकरी भाताचं रोप करण्याआधी जमीन भाजतो. त्याला राब म्हणतात. झाडांच्या फांद्या छाटून आणायच्या, हा टाहाळ. त्यावर शेण, पालापाचोळा, गवत, वर माती असे थर द्यायचे आणि पावसाच्या तोंडावर पेटवायचे. त्या भाजलेल्या जमिनीत रोप जोमाने येतं, तण कमी होतं. यासाठी भातशेताला जोडून वरकस जमीन लागे आणि ती पुरली नाही तर लगतच्या डोंगरावरून टाहाळ येई. म्हणजे खालच्या खाचरातलं भात वरच्या डोंगरावर अवलंबून. दोन्ही मिळून एक शेत.

मोजणीच्या नकाशात मात्र ती दोन होती. खालचा नंबर शेतकऱ्याचा, वरचा सरकारचा. वरचा नंबर मामलेदाराच्या ताब्यात होता तोवर हे चालून गेलं, कारण मामलेदाराला खालच्या नंबरचा सारा वसूल करायचा होता. वरचा नंबर वनखात्याकडे गेल्यावर टाहाळ तोडणं हा अपराध झाला. वनरक्षकाला भाताशी देणंघेणं नव्हतं. त्याचं काम झाड राखणं. तो आपलं काम करत होता आणि म्हणूनच शेतकरी अडचणीत येत होता. यात कुणी दुष्ट माणूस शोधण्याची गरज नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं. शेत एक होतं आणि हिशेब दोन खात्यांत लिहिले जात होते.

महात्मा फुल्यांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. गायरानं आणि डोंगर जंगलखात्यात गेल्याने शेतकऱ्याच्या जनावरांचे हाल कसे झाले, याबद्दलचा त्यांचा संताप त्यात आहे. ठाणे जिल्ह्यात अर्ज-विनंत्या एवढ्या वाढल्या की सरकारला १८८५ मध्ये मुंबई वन आयोग नेमावा लागला. १८८७ मध्ये त्याचा अहवाल आला. राब हा या चौकशीतला एक मुख्य मुद्दा होता. काही सवलती मिळाल्या. शब्द लक्षात घ्या, सवलती. काणाडोळ्याच्या जागी सवलत आली आणि हक्क दोन्ही वेळा बाहेरच राहिला.

याची धग किती वर्षं टिकली? १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह सुरू झाला तेव्हा ज्या भागाला समुद्र नाही, तिथे लोकांनी काय निवडलं? जंगल. १० जुलै १९३० ला लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदला राखीव जंगलातलं गवत कापून कायदेभंग केला. त्याच वर्षी २५ सप्टेंबरला उरणजवळच्या चिरनेरला जंगल सत्याग्रहात गोळीबार झाला, माणसं हुतात्मा झाली. विचार करा, गवताची पेंढी हे स्वातंत्र्याचं चिन्ह कसं होतं? कारण पन्नास वर्षांपूर्वी त्या गवताचं खातं बदललं होतं, आणि गावाने ते कधीच मान्य केलं नव्हतं.

नाव राखीव, ताबा महसुली

इथे सरकारची बाजूही सांगायला हवी. सगळ्या राखीव जमिनीवर साग उगवणार नाही, हे सरकारच्या लक्षात आलं. १८९३ मध्ये डॉ. व्होल्कर यांचा शेतीसुधारणेवरचा अहवाल आला. त्यात चारा-सरपणाची बाजू जोरात मांडली होती. १८९४ च्या वनधोरणाने जंगलांचे चार वर्ग केले. त्यातला शेवटचा वर्ग निव्वळ चराऊ कुरणांचा. मुंबई इलाख्यात अशा काही राखीव वनांचा कारभार महसूल खात्याकडे ठेवला गेला. त्या काळच्या सरकारी तक्त्यांत दोन रकाने दिसतात: वनखात्याच्या ताब्यातली वनं आणि महसूल खात्याच्या ताब्यातली वनं.

हा तोडगा त्या काळी शहाणपणाचा वाटला असेल. गुरं चरायची तर मामलेदार सांभाळेल, वनरक्षकाची कटकट नको. पण त्यात एक गोम राहिली. जमिनीचा कायदेशीर दर्जा ‘राखीव वन’ असाच राहिला आणि ताबा महसूल खात्याकडे. नाव एकाचं, किल्ली दुसऱ्याकडे. पिढ्या बदलल्या, दप्तरं बदलली. वनखात्याच्या अधिसूचनेत जमीन वन होती आणि तलाठ्याच्या दप्तरात ती नुसती सरकारी पडीक दिसू लागली. मग महसूल खातं ती वाटू लागलं. कधी भूमिहीनाला एकसाली लागवडीसाठी, कधी आणखी कुणाला.

पुण्याच्या कोंढवा बुद्रुकचं प्रकरण यातूनच आलं. तिथली साधारण ३२ एकर ३५ गुंठे जमीन १८७९ मध्ये राखीव वन म्हणून जाहीर झाली होती. त्यातली ३ एकर २० गुंठे पुढे १९३४ मध्ये वनातून वगळली. उरली २९ एकर १५ गुंठे, म्हणजे ११.८९ हेक्टर. ही जमीन १९९८ मध्ये महसूल खात्याने शेतीसाठी म्हणून एका खासगी कुटुंबाला दिली आणि तिथून ती एका गृहनिर्माण प्रकल्पाकडे गेली. शेतीचं निमित्त किती टिकलं, ते तुम्हीच ठरवा. १५ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने हे वाटप बेकायदेशीर ठरवलं, जमीन वनखात्याच्या ताब्यात द्यायला सांगितली, आणि देशातल्या सगळ्या राज्यांना आदेश दिला: महसूल खात्याच्या ताब्यातली राखीव वनजमीन खासगी व्यक्तींना वा संस्थांना वनेतर कामासाठी दिली आहे का, हे विशेष तपास पथक नेमून शोधा, आणि ती वनखात्याकडे परत द्या.

सगळ्या राज्यांना, हे महत्त्वाचं. म्हणजे हा एका गावाचा घोळ नाही. जमीन कागदावर एका खात्याकडे गेली आणि ताबा दुसऱ्याकडे राहिला, असं अर्धवट हस्तांतरण देशभर पडून आहे.

झुडपी जंगल

आता त्याच प्रश्नाची उलटी बाजू. त्यासाठी विदर्भात जाऊ.

पूर्व विदर्भ हा मध्य प्रांताचा भाग होता. तिथे मालगुजारी होती. १९५१ मध्ये मालगुजारी संपली आणि गावची पडीक जमीन, तलाव, जंगल सरकारकडे आलं. गावकऱ्यांचे चराईचे, सरपणाचे, वाटेचे, पाण्याचे हक्क निस्तार पत्रकात नोंदले गेले. निस्तार हा तिकडचा शब्द, रोजच्या गरजा भागवण्यासाठीचा गावाचा सामाईक वापर. काही जमिनीपुढे नोंद झाली: ‘झुडपी जंगल’. नावात जंगल आहे, पण अर्थ काय, तर मोठं झाड येत नाही अशी हलक्या मातीची, झुडपांची जागा. गुरं चारायची, गावाने वापरायची. ताबा महसूल खात्याचा.

१ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचना झाली आणि विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० पासून महाराष्ट्रात. नोंदी तशाच आल्या. गावं वाढली तसं या जागेवर घरं झाली, शाळा झाल्या, सरकारी कार्यालयं झाली, स्मशानभूमी झाली. महसूल खात्यानेच पट्टे दिले. यात लपवाछपवी नव्हती. तहसीलदाराच्या सहीशिक्क्याचे कागद लोकांकडे होते.

मग १९८० चा वनसंवर्धन कायदा आला. वनजमीन इतर कामाला वापरायची तर केंद्राची परवानगी हवी. १२ डिसेंबर १९९६ ला गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सरकारी दप्तरात जी जमीन वन म्हणून नोंदली आहे ती वनच, मालक कुणीही असो. झालं. ‘झुडपी जंगल’ या दोन शब्दांतला दुसरा शब्द जागा झाला. एका तलाठ्याने कधीकाळी वर्णन म्हणून लिहिलेला शब्द कायद्याचा दर्जा होऊन बसला.

नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांत मिळून हे क्षेत्र सुमारे १ लाख ७८ हजार हेक्टर. त्यातलं ९२ हजार हेक्टर वनव्यवस्थापनाला योग्य आणि ८६,४०९ हेक्टर अयोग्य, अशी विभागणी सरकारी पातळीवर झाली. पण या ८६ हजारांचं काय करायचं, हा प्रश्न दशकानुदशकं लोंबकळत राहिला. घराचा कागद आहे आणि घर बेकायदा आहे, असं जगणं काय असतं? कर्ज मिळत नाही, घर वाढवता येत नाही, मुलाच्या नावे करता येत नाही.

२२ मे २०२५ ला, म्हणजे कोंढव्याच्या निकालानंतर बरोबर एका आठवड्याने, सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. झुडपी जंगल हे वनच. मात्र १२ डिसेंबर १९९६ पर्यंत सक्षम अधिकाऱ्यांनी ज्यांना जमिनी दिल्या, त्यांना उठवायचं नाही. राज्याने त्या वनाच्या यादीतून वगळण्यासाठी केंद्राकडे एकत्रित प्रस्ताव पाठवावा आणि त्यासाठी पर्यायी वनीकरणाची अट लावू नये. १९९६ नंतरच्या वाटपाचं प्रकरण वेगळं, तिथे जबाबदार अधिकाऱ्यांवर कारवाई झाल्याशिवाय पुढे जायचं नाही.

हे दोन्ही निकाल शेजारी ठेवून वाचा. दोन्हीकडे जमीन वनाची, दोन्हीकडे देणारं महसूल खातं. एकीकडे वाटप रद्द, दुसरीकडे जुन्या वाटपाला संरक्षण. विसंगती आहे का? मला तसं वाटत नाही. न्यायालयाने जमीन कोणत्या खात्याची, एवढाच प्रश्न विचारला नाही. कुणाला दिली, कशासाठी दिली, आणि घेणाऱ्याने त्यावर काय उभं केलं, हेही विचारलं. रक्षण आणि मालकी यांतला तो जुना फरक थोडाफार परत आला, असं मी म्हणेन.

नमुना नंबर एक

आता एका अगदी साध्या गोष्टीकडे या. तलाठ्याकडे गाव नमुन्यांची पुस्तकं असतात. सातबारा सगळ्यांना माहीत आहे. नमुना एकच्या पोटात आणखी नोंदवह्या आहेत. नमुना १-अ ही वनजमिनीची नोंदवही. १-ब ही बिनभोगवट्याच्या, म्हणजे सरकारी जमिनीची. आणि १-ई ही अतिक्रमणाची.

आज मी जे तासभर सांगतो आहे ते या तीन वह्यांत मावतं. जमीन १-ब मधून १-अ मध्ये गेली, की तिथे पिढ्यानपिढ्या राहणारा माणूस १-ई मध्ये जातो. त्याने कुंपण हलवलं नाही, एक पाऊलसुद्धा पुढे टाकलं नाही. तो जिथे होता तिथेच आहे. वही बदलली.

आणि उलट, जमीन १-अ मध्ये असायला हवी होती पण नोंद १-ब मध्येच राहिली, की जंगल विकलं जातं. कोंढव्याचा धडा तो. म्हणून ‘वन विरुद्ध माणूस’ अशी जी मांडणी आपण ऐकतो ती मला अपुरी वाटते. नोंदीचा घोळ दोघांनाही मारतो. त्यातून फायदा होतो तो ज्याला दोन्ही कार्यालयांत जाता-येता येतं त्याचा. चराईला जाणाऱ्या बाईला एकही कार्यालय जवळचं नसतं.

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्याने लेखी विचारलं होतं, की मग उपाय काय, जमीन कोणत्या खात्याकडे असावी? माझं उत्तर असं की प्रश्न थोडा बदलून विचारू या. खात्याकडेच असली पाहिजे का?

२००६ मध्ये वनहक्क कायदा झाला. त्यात सामूहिक वनहक्क आहे. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर तो हक्क मिळाला. देशात हा मान मिळवणाऱ्या पहिल्या गावांत ते आहे. इथे व्यवस्थापन एका खात्याकडून दुसऱ्या खात्याकडे गेलं नाही, ते ग्रामसभेकडे आलं. तेही सुरळीत झालं नाही. बांबू विकायचा तर वाहतुकीचा परवाना कुणी द्यायचा, यावर अडलं. गावाने धरून ठेवलं. अखेर एप्रिल २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन परवाना-पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. १८७८ च्या वादात ब्रँडिस जे कलम कागदावर आणू शकले, पण जमिनीवर आणू शकले नाहीत, ते सव्वाशे वर्षांनी दुसऱ्या कायद्याच्या दारातून आत आलं. प्रत्येक गावाला हे जमेल असं मी म्हणत नाही. मेंढ्यामागे कित्येक वर्षांची ग्रामसभेची सवय आहे, अभ्यासगट आहेत. हक्क मिळाला म्हणजे सांभाळण्याचं काम आपलं आपल्यावर आलं, हे त्या गावाला आधीपासून ठाऊक होतं.

जिथे खात्याकडूनच खात्याकडे जमीन जाणार आहे, आणि आता तपास पथकांच्या निमित्ताने ती पुष्कळ ठिकाणी जाणार आहे, तिथे निदान तीन गोष्टी व्हाव्यात. एक, हस्तांतरणाच्या आधी ग्रामसभेसमोर त्या जमिनीचा चालू वापर मोठ्याने वाचून दाखवावा: कोण राहतं, कोण चारतं, पाण्याची वाट कुठून जाते, स्मशान कुठे आहे. दोन, तो वापर नव्या खात्याच्या कागदावर हक्क म्हणून उतरावा, काणाडोळा किंवा सवलत म्हणून नव्हे. तीन, अधिसूचना, फेरफार आणि प्रत्यक्ष ताबा या तिन्हींची तारीख शक्य तितकी एक असावी. तिसरी गोष्ट कारकुनी वाटते, पण १८७९ ची अधिसूचना आणि १९९८ चं वाटप एकमेकांना भेटू शकले ते तिच्या अभावी.

तुमच्यापैकी अनेकांचं गाव अजून सुटलेलं नसेल. पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा तलाठ्याकडे सातबाऱ्याबरोबर नमुना १-अ, १-ब आणि १-ई बघायला मागा. विदर्भातले असाल तर निस्तार पत्रकही मागा. गावचं गायरान, डोंगर, कुरण आज कोणत्या वहीत आहे ते पाहा, आणि वनखात्याच्या कार्यालयात तीच जमीन काय म्हणून नोंदली आहे तेही विचारा. दोन उत्तरं जुळली तर उत्तम. नाही जुळली, तर तपास पथक गावात पोचण्याआधी ग्रामसभेत हा विषय घ्यायला तुमच्या हाती थोडा वेळ आहे.

प्रश्न असतील तर आता घेऊ.